पहिल्या पानावरचा शेवट

शनिवारी शाळा सकाळची. साडेदहाला शेवटचा तास लागला की नववी ब च्या वर्गात अशी शांतता व्हायची, की शेजारच्या वर्गातले मास्तर एक-दोनदा खिडकीतून डोकावून गेले होते. त्यांना वाटलं, पोरं भिंतीवरून उड्या मारून पळाली. पळाली कुठली! चाळीसच्या चाळीस जागेवर होती, आणि सगळी एकाच्याच तोंडाकडे बघत होती.

हा पुस्तकाचा तास. मोहाडीच्या त्या शाळेत तो भोजराज सरांनी सुरू केला. रीत अशी की दर शनिवारी एकानं उभं राहायचं, आपण वाचलेलं पुस्तक वर्गाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला की नेमकं तिथं थांबायचं. मग सर विचारणार, "कोणाला पाहिजे हे पुस्तक?" जितके हात वर, तितकी सांगणाऱ्याची इज्जत. नियम एकच, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं कायमचा लिहिलेला: जो शेवट सांगेल त्याला वर्षभर पुस्तक नाही.

पुस्तकं एक खोकंभर होती, एकतीस नग. दामिनीताई म्हणून शाळेची जुनी विद्यार्थिनी नागपूरला नोकरीला आहे, तिनं पाठवलेली. सगळी रहस्याची. बंद बंगले, हरवलेली माणसं, विहिरीत सापडलेल्या पेट्या, आणि प्रत्येकात चौदा-पंधरा वर्षांचं एखादं पोरगं नाहीतर पोरगी, जी मोठ्या माणसांचं न ऐकता नको तिथं जाते. बरं, ऐकलं असतं तर पुस्तक पाचव्या पानावर संपलं असतं. तेव्हा तेही ठीकच.

या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गुंजनकडे होती. ती नाडीला बांधून गळ्यात घालायची आणि आंघोळीलाच तेवढी काढायची. आता एका किल्लीचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण गुंजनला गणितात काठावर मार्क, पळण्यात ती शेवटून दुसरी, गाणं म्हणायला लागली की घरचेच म्हणत, बस कर व माय. तिला एकच गोष्ट येत होती, पुस्तक सांगणं. 'पाचव्या पायरीखाली' सांगितलं तेव्हा छत्तीस हात वर गेले होते. छत्तीस! वर्गात तेवढा आकडा कोणाचाच नव्हता. त्या शनिवारपासून पोरी तिच्याशेजारी बसायला भांडत होत्या, आणि ही किल्ली गेली, हा तास गेला, तर आपण परत शेवटून दुसऱ्या होऊ हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एक दिवस रुचिका तणतणत आली.

"गुंजन, हे पाहाय! कोणत्या गाढवानं केलं हे?"

पुस्तक होतं 'घड्याळजीचं घर'. पहिल्या कोऱ्या पानावर, वरच्या बाजूला, पेन्सिलीनं लिहिलं होतं: "पुढे — घड्याळजी चोर आहे. पोरगी सुटते. घाबरू नये."

"घाबरू नये म्हणते!" रुचिका म्हणाली. "वरून चिडवून राहिला मले. माहा जीवच गेला नं वाचायचा."

गुंजननं पान निरखून पाहिलं. अक्षर कोणाचंच वाटेना. एकेक अक्षर सुटं, प्रत्येकाच्या डोक्यावर आपली वेगळी रेघ. पानांच्या मध्ये कोसा रेशमाचा एक बारीक धागा सापडला, तो तिनं फुंकर मारून उडवला. वर्गातली निम्मी पोरं विणकरांच्या घरची, कपड्यांना धागा कोणाच्या नाही चिकटत? गुंजनच्या स्वतःच्या घरी माग होता. एवढी रहस्याची पुस्तकं वाचलेली पोरगी, आणि हातात आलेला पुरावा तिनं फुंकरीनं उडवला. आता काय म्हणावं!

पुढच्या आठवड्यात चंदनला तसंच पान सापडलं. मग रिताला, मग आणखी एका पोराला. शनिवारपर्यंत चार पुस्तकं झाली, आणि चौघांनी मिळून वर्ग डोक्यावर घेतला.

भोजराज सर चिडले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. "मुख्याध्यापकांनी हा तास गणितासाठी मागितलाय," ते म्हणाले. "मी दोन महिने टाळतोय. आता पुस्तकंच अशी खराब होणार असतील तर मी कोणत्या तोंडानं टाळू? ज्यानं लिहिलं त्यानं सांगा. नाहीतर पुढच्या शनिवारपासून बीजगणित, आणि किल्ली ऑफिसात."

किल्ली म्हटल्याबरोबर गुंजनचा हात गळ्याकडे गेला. आणि हातासोबत तीही उभी राहिली.

"सर, अमर असन," ती म्हणाली.

अमर तिसऱ्या बाकावरचा. मोहाडीपासून चार किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलनं येणारा, धानाची शेती असलेल्या घरचा. वर्गात सगळ्यात जास्त वाचायचा. धानाचे रोवणे चालू होते तेव्हा बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्यानं दोन पुस्तकं संपवली होती आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याची खोड एकच, दहाव्या पानावर चोर ओळखायचा आणि ओळखला की सांगितल्याशिवाय राहायचा नाही. खराब झालेल्या चारपैकी तीन पुस्तकं त्यानं आधी वाचलेली होती. गुंजनला अर्धंमुर्धं खरंच वाटत होतं की हे त्याचंच काम. उरलेलं अर्धं सगळं किल्लीसाठी होतं.

"मी नाही लेहलं," अमर म्हणाला.

"चंदनला तू शेवट सांगितला होतास की नाही?" सरांनी विचारलं.

"सांगतला होता. पण तोंडानं, सर. लेहला नाही."

वर्ग हसला. तोंडानं सांगितला म्हणजे नियम मोडलाच की. सरांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं, आणि अमरच्या दप्तरातून 'पुलाखालचा डबा' हे पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"सर, वीसच पानं राहिले," अमर म्हणाला. "त्या पोराले डब्यात बंद केलं आहे. गाडी सुटून राहिली. वीसच पानं, सर."

सरांनी पुस्तक दिलं नाही. अमर खाली बसला आणि मग तो तासभर बाकावरची रेघ नखानं कोरत राहिला. गुंजननं त्याच्याकडे पाहणं टाळलं. तास वाचला, किल्ली वाचली, शाळा सुटली.

गुंजन दर शनिवारी तीन-चार पुस्तकं घरी न्यायची. पावसाळ्यात पुस्तकांना ओल धरते, म्हणून घरी त्यांना खाकी कागदाचे पुठ्ठे घालायचे, आठवडाभर कोरड्यात ठेवायचं, मग वर्गात वाटायचं, अशी तिनं पद्धत पाडली होती. त्या शनिवारी तिनं 'हरवलेली घंटा' नेलं. सरांनी सगळ्यांसमोर त्याची पहिली पानं उलटून दाखवली होती, कोरी करकरीत. रविवारी तिनं पुठ्ठा घातला आणि मागाच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं, कारण सगळ्या घरात तीच खोली कोरडी.

बुधवारी शाळेतून आल्यावर तिनं ते वाचायला म्हणून उघडलं.

"पुढे — घंटा मास्तरनंच लपवली. पोरगी विहिरीच्या खोलीतून सुटते. घाबरू नये."

गुंजननं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. पुस्तक घरातून हललं नव्हतं. अमर तर या आळीत पाऊल टाकत नाही. घरात माणसं तीन, ती स्वतः, बाबा आणि आई.

"बाबा!" करत ती मागाच्या खोलीत गेली. बाबा नव्हते. ते, म्हणजे नंदलाल, तयार साड्या घेऊन व्यापाऱ्याकडे गेले होते. मागावर अर्धी साडी ताणलेली होती आणि विणलेल्या कापडाच्या कडेला, दोऱ्याखाली, नेहमीसारखी चिठ्ठी खोवलेली होती.

या चिठ्ठीचं सांगायला पाहिजे. गुंजनच्या घरी माग एक आणि विणणारे दोघं. सकाळी बाबा बसत, दुपारी आई. जो उठेल त्यानं चिठ्ठी लिहून ठेवायची, काय झालं, काय बाकी आहे, पुढं कुठं अडेल. साऱ्या आळीची हीच रीत. न सांगता उठून जाणं म्हणजे मागून बसणाऱ्याला तोंडघशी पाडणं, असं तिथं मानतात. गुंजन जन्मापासून या चिठ्ठ्या पाहत आली होती आणि त्या बाबाच लिहितात असं धरून चालली होती. आज तिनं ती पहिल्यांदा वाचली.

"पुढे — पदर वीस बोटं बाकी. उजवीकडे चार तारा कच्च्या, तुटतील. घाबरू नये."

सुटी सुटी अक्षरं. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ.

मागच्या पडवीत चरख्याचा आवाज येत होता. गुंजनची आई, शोभाताई, कांड्या भरत होत्या, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर चरखा फिरवून सूत गुंडाळत होत्या. एक हात चरख्यावर, एक सुतावर, आणि मांडीवर, सुताच्या टोपलीला टेकवून उघडं ठेवलेलं पुस्तक. 'सातवं कुलूप'.

"आई, मागावरची चिठ्ठी कोणी लेहली?"

"मीनं. अजून कोण लेहते?" शोभाताई मान वर न करता म्हणाल्या. "तुह्या बाबाचं अक्षर लागते का कोणाले? ते तं तोंडानंच सांगून जातात."

गुंजननं आईच्या हातांकडे पाहिलं. चौदा वर्षांत तिनं आईला विणताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं, भात काढताना, ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवताना पाहिलं होतं. लिहिताना पाहिलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर सही बाबांची. फॉर्म भरायचा तर गुंजन भरायची. आईला लिहिता येतं का, हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता.

"आणि पुस्तकायवर? तेही तूच?"

"हो." आता चरखा थांबला. "काहून? चुकलं का काही?"

"चुकलं का! आई, सगळी वाट लावली तुनं! रहस्य असते ते! शेवट आधीच सांगतला तं वाचन कोण? चार पुस्तकं गेले. सारा वर्ग शिव्या देऊन राहिला. सर तास बंद करून राहिले होते!"

शोभाताईंना काही समजेना. "अवं, पण मागून वाचणाऱ्याले मालूम नको का, पुढं काय आहे ते?"

"नको! नकोच मालूम! त्याच्याचसाठी वाचतात!"

शोभाताईंनी पुस्तक मिटलं. थोडा वेळ त्या हातातलं सूत बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी पाचवीपर्यंत शिकली," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर पुस्तक काही हाती आलं नाही. तू हे आणले तवा एक सहज उघडलं. ते घड्याळजीचं. त्या पोरीले त्यानं कोंडलं, आणि इकडं माहे हात कापाले लागले, गुंजन. तीन दिवस सूत तुटून राहिलं. भाजीत मीठ टाकलं का नाही मले आठवेना. म्हटलं, हे लेकरू कोणाचं, हिच्या मायले मालूम तरी आहे का. मंग शेवटचं पान पाहून घेतलं, तवा जीव भांड्यात पडला. मंग सारं पुस्तक मजेत वाचलं. म्हटलं, आता हे वर्गातल्या पोरी वाचतीन, लहान आहेत, त्याइले असं भेव कायले? म्हणून लेहलं."

'घाबरू नये' हे चिडवणं नव्हतं. ते खरोखरच घाबरू नये म्हणून होतं. गुंजनला रडू यायला लागलं आणि राग तर होताच, त्यामुळे दोन्ही एकदम बाहेर पडलं.

"खोड ते सगळं," ती म्हणाली. "आताच्या आता खोड. कोणाले काही सांगू नको."

"खोडीन. पण कोणाले सजा तं नाही झाली न?"

गुंजनला खोटं बोलायला अर्धा क्षण होता. तो गेला. "अमरले झाली. वर्षभर पुस्तक बंद."

"त्यानं लेहलं म्हणून? कोणी म्हटलं?"

गुंजननं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. शोभाताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. त्या आत गेल्या, गुंजनच्या कंपासमधून खोडरबर घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गुंजननं ती चारही पुस्तकं गोळा करून घरी आणली, आणि पाचही पुस्तकांची पहिली पानं शोभाताईंनी एकेक अक्षर करून खोडली. कागद फाटू नये म्हणून पानाखाली तळहात धरून.

झालं. पुरावा संपला. गुंजननं गप्प बसायचं ठरवलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तास चालू, किल्ली गळ्यात, चोर सापडलेला, शिक्षा झालेली. अमरचं काय, तो तोंडानं सांगायचाच ना शेवट? असं तिनं स्वतःला गुरुवारी चार वेळा समजावलं. चारही वेळा पटलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा समजावावं लागलं.

गुरुवारी संध्याकाळी शोभाताईंनी विचारलं, "त्या पोराले पुस्तक भेटलं का?"

"नाही."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत अमर पायरीवर एकटा बसला होता. त्याच्या भज्यांची पुडी ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली होती, तो तुकडा सरळ करून तो वाचत होता. बातमी मध्येच फाटलेली होती. त्यानं तुकडा उलटा करून पाहिला, मागं साबणाची जाहिरात. तीही त्यानं वाचली. गुंजन त्याच्या बाजूनं पाणी प्यायला गेली आणि पाणी न पिताच परत आली.

त्या संध्याकाळी शोभाताईंनी पुन्हा विचारलं, "भेटलं का?" गुंजननं मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मीच येऊन सांगीन."

"नको," गुंजन म्हणाली.

शनिवारी पुस्तक सांगायची पाळी नेमकी तिचीच होती. ती पुढे गेली. सगळा वर्ग सावरून बसला, कारण गुंजन सांगणार म्हणजे मजा येणार. तिनं गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"सर, पुस्तकायवर अमरनं नाही लेहलं. माझ्या आईनं लेहलं. मी अमरचं नाव घेतलं, ते खोटं होतं."

सुरुवातीला कोणालाच ऐकू आलं नाही असं वाटलं. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आईनं?" आणि अख्खा वर्ग फुटला. रुचिका तर बाकावर डोकं आपटून हसत होती. गुंजनचे कान तापले. तिला वाटलं, जमीन दुभंगावी, पण शाळेची फरशी मजबूत होती. मग ती ओरडूनच बोलली. मागाचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, पाचवीचं सांगितलं, सूत तुटत होतं ते सांगितलं. "तिले वाटलं तुम्ही घाबरसान म्हणून लेहलं तिनं! चिडवाले नाही!" विणकरांच्या घरची पोरं आधी गप्प झाली. त्यांच्याही घरी मागावर चिठ्ठी असायची. चंदन म्हणाला, "माही आजीबी अशीच लेहते," आणि मग कोणी हसलं नाही.

भोजराज सरांनी टेबलावरची किल्ली उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी 'पुलाखालचा डबा' काढून अमरच्या हातात दिलं.

"तोंडानं सांगितल्याची शिक्षा एक आठवडा झाली, तेवढी पुरे," ते म्हणाले. "गुंजन, किल्ली आता अमरकडे राहील. खोटं नाव घेतलंस, तेव्हा एवढं तर होणारच."

"हो, सर."

"आणि पुढच्या शनिवारी आईला घेऊन ये."

"रागावाले?"

"पुस्तक सांगायला," सर म्हणाले.

शोभाताई यायला तयार नव्हत्या. शाळेत जायचं म्हणजे काय थट्टा आहे का, मी काय बोलणार, पोरं हसतील, माग बंद राहील, अशी त्यांची सात कारणं झाली. नंदलाल म्हणाले, "माग मी पाहतो, तू जाय." तेव्हा आठवं कारण सापडेना, म्हणून त्या आल्या. इस्त्रीची सुती साडी, पायात नव्या चपला, आणि हातात पिशवी, तिच्यात खोडरबर. गुंजननं विचारलं, खोडरबर कायले? तर म्हणाल्या, राहू दे, एखादं राहिलं असन तं.

त्यांनी 'हरवलेली घंटा' सांगितलं. आधी आवाज फुटेना. मग त्यांनी समोर बघायचं सोडलं आणि हातांकडे बघत सांगायला लागल्या, आणि मग काय! डोंगरातल्या गावची शाळा, रातोरात गेलेली घंटा, ती शोधत विहिरीच्या खोलीत उतरलेली पोरगी. मागून दाराला कडी लागते. खाली पाणी वाढून राहिलं. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. शोभाताईंचा हात पाण्यासारखा वर वर चढत होता आणि वर्गाचा श्वास त्याच्यासोबत. पाणी पोरीच्या गळ्याशी आलं, आणि वर कोणाच्या तरी चपलांचा आवाज झाला. शोभाताई थांबल्या. थांबायचंच होतं, गुंजननं रस्ताभर हेच पढवलं होतं.

वर्गात कोणी हलेना. पहिल्या बाकावरची रिता ओढणीचं टोक तोंडात कोंबून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. शोभाताईंनी तिला पाहिलं. गुंजनकडे पाहिलं. पुन्हा रिताला पाहिलं. त्यांना राहवेना.

"सुटते व माय ती," त्या म्हणाल्या. "घाबरू नको."

असा काही गलका झाला की शेजारचे मास्तर धावत आले. पोरं बाक बडवत होती, "काकू!" म्हणून ओरडत होती, सरांनी कपाळाला हात लावला होता आणि हसत होते. शोभाताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. रिता मात्र डोळे पुसून सगळ्यांत आधी हसली.

"आता कोणाला पाहिजे हे पुस्तक?" सरांनी जवळजवळ गमतीनंच विचारलं.

गुंजननं हात मोजले. एकतीस. छत्तीस नव्हते, पण शेवट सांगूनही एकतीस होते, आणि एक तिचा स्वतःचा धरला तर बत्तीस.

शाळा सुटली. अमर कपाटाजवळ वही घेऊन बसला होता, गळ्यात किल्ली. आठवडाभरात तो गुंजनशी एक शब्द बोलला नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. शोभाताई कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवत राहिल्या, आणि त्यांनी नेमकं 'पुलाखालचा डबा' काढलं.

"मले भेटन का गा हे?"

"वहीत नाव लेहा, काकू," अमर म्हणाला आणि पेन पुढं केला.

त्यांनी वाकून लिहिलं. शोभा नंदलाल धकाते. एकेक अक्षर सुटं, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ. गुंजन बाजूला उभी राहून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होती.

"आणि काकू, याच्यात काही लेहू नका."

"नाही लेहत." त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुनं वाचलं न हे? गुंजन म्हणते, याच्यात पोराले डब्यात कोंडलं आहे... येते का गा तो घरी?"

अमरनं फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. वीस पानं राहिलेली असताना हेच पुस्तक त्याच्या हातातून गेलं होतं, याच नियमापायी. मग त्यानं दाराकडे पाहिलं. सर नव्हते. तो बाकावरून पुढं झुकला.

"येते, काकू," तो हळूच म्हणाला. "घाबरू नका."

शोभाताईंनी मोठा श्वास सोडला. गुंजननं सगळं ऐकलं होतं. सरांना सांगायचं तर साक्षीदार ती एकटीच होती. तिनं पाठ फिरवली आणि फळा पुसायला घेतला.